ओटीच्या ब्लाऊजपीसच्या पताका, घरच्या मशीनवर

आमच्या कपाटात वरच्या फळीवर एक पिशवी आहे, ओटीच्या ब्लाऊजपीसची. लग्न, डोहाळजेवण, वास्तुशांती, कुठंही जाऊन आलं की एक पीस वाढतोय, त्यातला आवडलेला एखादाच शिवून होतो, बाकीचे पुढच्या बाईच्या ओटीत. एकदा तर मीच दिलेला पोपटी पीस तीन घरं फिरून परत माझ्या ओटीत आला, कोपऱ्यातला हळदीचा डाग बघून ओळखला की मी. त्या दिवशी ठरवलं, ह्यांना आता फिरवायचं नाही, ह्यांच्या पताका करायच्या. (ओळखला, बसलो, लिहितो असं वाचून गोंधळू नका, मी बाईच आहे खरं आमच्या बेळगावात बायका पण मी आलो मी गेलोच म्हणतात, पुण्याची वहिनी अजून हसते त्याला. आणि आमचं 'खरं' म्हणजे तुमचं 'पण'.)

बाजारात त्या चकचकीत प्लास्टिकच्या माळा मिळायच्या ना, १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झालेल्या एकदाच वापरायच्या वस्तूंमध्ये प्लास्टिकचे झेंडे पण आहेत, आणि कर्नाटकात प्लास्टिकबंदी त्याच्याही आधी २०१६ ला आली. कागदाच्या आणाव्या तर आपल्याकडं गणपतीत पाऊस असतोयच, दारातल्या कागदी पताकांचा पहिल्या सरीतच लगदा. कापडाची माळ एकदा शिवली की वर्षानुवर्षं चालते, मळली तर धुवायची.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो कारण माझी पहिली माळ ह्याच्यामुळंच वाया गेली. पताका शिवणं काही अवघड नाही, ज्याला सरळ टीप मारता येते त्याला पताका येते. माळ बिघडते ती दोन ठिकाणी, कापड न धुता कापलं की आणि पताका जिच्यात अडकवतात ती वरची पट्टी लेचीपेची घेतली की. मी दोन्ही केलं होतं. मरून आणि पांढऱ्या पताका एकाआड एक लावून झोकात दारावर बांधल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाचा सडाका आला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पांढऱ्या पताका गुलाबी, त्यात पट्टी ओली होऊन अशी लोंबली की येणारा जाणारा प्रत्येक जण मधल्या पताकेला डोकं लावूनच आत यायचा. सासूबाई म्हणाल्या, असू दे गे, देवाला नमस्कार तरी होतोय.

तर कापड. सुती घ्या, पॉपलीन, रुबिया, ब्लाऊजपीसचं साधं कॉटन, जुन्या शर्टाची पाठ पण चालते. जॉर्जेट, साटन असलं निसरडं कापड पहिल्या माळेला नको, टोक कधीच नीट येत नाही. ब्लाऊजपीस पुरले नाहीत तर बेळगावच्या खडेबाजार नाहीतर पांगुळ गल्लीत एक चक्कर मारा, कटपीस मिळतात. ओळखीच्या टेलरकडं ब्लाऊज शिवून उरलेले तुकडे पडून असतात ते मागितले तर तो पिशवी भरून देतोय, उलट सुटलो म्हणतोय.

गुळेदगुडचा खण असेल तर माळेत त्याची शोभा वेगळीच. आजी ओटीसाठी खणाची त्रिकोणी घडी घालायची, म्हणजे आकार पण तोच की. खरं खणाचं कापड कडेनं फार सुटतंय, दोरे निघत राहतात, त्यामुळं खणाला माया (टिपेच्या बाहेर सोडायचं जादा कापड) जरा जास्त ठेवा, पाव इंचाऐवजी पाऊण बोट म्हणा, आणि मागच्या बाजूला साधं कॉटन लावा, दोन्ही बाजूंनी खण लावायची चैन कशाला.

आता धुणं. कोऱ्या कापडात खळ असते, ती जायला पाहिजे, आणि सुती कापड पहिल्या पाण्यात थोडं आटतंय पण. रात्री साध्या पाण्यात वेगवेगळे भिजत घाला, सकाळी साबणानं धुवा. मग रंगाची परीक्षा, ओल्या कापडाच्या कोपऱ्यात पांढरा रुमाल दाबून धरा आणि वरून गरम इस्त्री फिरवा, रुमालाला रंग लागला तर परत धुवा, तीनदा धुवूनही लागत असेल तर तो पीस घरातल्या माळेला ठेवा, दारातल्या माळेत घालू नका. मिठाच्या पाण्यात घाला रंग पक्का होतो असं सगळ्या बायका सांगतात, मी पण करून बघितलं, काही होत नाही. जादा रंग निघून जाईपर्यंत धुणं हाच उपाय. लाल, मरून आणि गडद निळा हे तीन बघूनच घ्या. वाळल्यावर कडक इस्त्री, सुरकुतलेल्या कापडावर साचा ठेवून कापलं की एक पताका जाड एक बारीक होते.

साचा पुठ्ठ्याचा करायचा. मी आधी कुंद्याच्या बॉक्सचा करायला गेलो, बॉक्स लहान पडला (कुंदा मात्र संपवला), मग साडीच्या बॉक्सचं झाकण घेतलं. माप असं, वरची बाजू ७ इंच, तिचा मध्य काढा साडेतीन इंचावर, तिथून सरळ खाली साडेनऊ इंच जाऊन एक ठिपका, आणि ठिपक्यापासून वरच्या दोन्ही टोकांना रेघ. झाला त्रिकोण. मधली उभी रेघ पुठ्ठ्यावर तशीच ठेवा, ती पुसू नका, पुढं लागते.

साडेनऊ का, तर दोन्ही तिरप्या बाजूंना पाव पाव इंच माया गेली की टोकाला नुसता पाव इंच जात नाही, पाऊण इंच जातोय, टोक जेवढं निमुळतं तेवढं जास्त जातंय. वरचा अर्धा इंच पट्टीत जाणार. म्हणजे शेवटी लटकलेली पताका साधारण ६ इंच रुंद आणि सव्वाआठ इंच लांब दिसते. हे गणित आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या पहिल्या पताका एवढ्या बुटक्या झाल्या नसत्या.

कापताना पुठ्ठ्यावरची मधली रेघ कापडाच्या उभ्या धाग्याला धरून ठेवा. वाकडा ठेवला तर शिवल्यावर पताका एका बाजूला मान टाकते, इस्त्री करून पण सरळ होत नाही. साचा एकदा सुलटा एकदा उलटा असा शेजारी शेजारी ठेवत गेलं की कापड वाया जात नाही, ३६ इंच पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, एका ओळीत ९ त्रिकोण बसतात, एक मीटर कापडात अशा चार ओळी, म्हणजे ३६ त्रिकोण. ८० सेंटिमीटरचा पीस असेल तर तीन ओळी, २७. खरं कापडावर मोर किंवा कोयरी असेल तर हे उलटसुलट चालत नाही, निम्मे मोर शीर्षासन करतात. तसल्या कापडाचे सगळे त्रिकोण एकाच दिशेनं घ्या, कापड जास्त लागेल ते लागेल.

दहा फुटी माळेला १५ पताका लागतात. एक पताका वर साडेसहा इंच आणि मध्ये दीड इंच जागा, झाले आठ, पंधरा आठं १२० इंच, दहा फूट. दोन्ही बाजूंनी मिळून ३० त्रिकोण. विषम आकडाच धरा, म्हणजे एक पताका बरोबर मधोमध येते, माळ लावताना ह्याचा फार उपयोग होतोय.

रंगाचं मी काय सांगू, आपापली आवड. आमच्या गल्लीत एक गंमत मात्र झाली. पिवळा आणि लाल असे दोनच पीस भरपूर होते म्हणून एकाआड एक लावले, बघणारे विचारायला लागले काय हो राज्योत्सव काय (कर्नाटक राज्याचा दिवस, त्याचा झेंडा पिवळा-लाल), अजून दोन महिने आहेत की. म्हटलं बाबांनो हळद-कुंकू आहे ते. शेजारच्या अक्का (त्या कन्नड बोलतात, मी मराठी, आमचं दोघींचं निम्मं निम्मं चालतंय) बघून म्हणाल्या, छलो आग्येती, म्हणजे छान झालंय, आणि स्वतःच्या घरचे चार हिरवे पीस आणून दिले, तेव्हापासून माळेत हिरवा पण आहे. शिवजयंतीला, म्हणजे आपल्याकडची वैशाखातली, चित्ररथाची, नुसता भगवा घेतला तर एका रंगात पण माळ उठून दिसते. १५ ऑगस्टसाठी कुणी करणार असेल तर राष्ट्रध्वजाच्याच पताका करून माळेत ओवू नका, फ्लॅग कोड २००२ मध्ये झेंडा सजावटीच्या माळेसारखा वापरायचा नाही असं स्पष्ट आहे. केशरी एक, पांढरी एक, हिरवी एक अशा वेगवेगळ्या पताका करा, चक्र काढू नका.

शिवायला घेऊ. सुई १४ नंबर, टाका मध्यम, मशीनवर आकडे असतील तर अडीचवर. दोन त्रिकोण सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवा, वरची ७ इंचाची बाजू उघडीच ठेवायची. वरून सुरू करा, दोन टाके मागं घेऊन पक्कं करा आणि पाव इंच माया धरून खाली टोकाकडं या. टोकापाशी पाऊण इंच राहिलं की थांबा, सुई कापडात रुतलेली ठेवा, मशीनचा फूट (कापड दाबणारा पाय) उचला, कापड थोडं वळवा, एकच आडवा टाका घ्या, परत सुई खाली, परत वळवा, आणि दुसऱ्या बाजूनं वर जा. ह्या एका आडव्या टाक्यानं टोक सुबक येतंय, एकदम टोकात वळलं तर आतली माया मावत नाही आणि टोकाला गाठ बसल्यासारखी दिसते. तिरपी बाजू म्हणजे उरेब, धाग्याला तिरकी कापलेली, ती ओढली की ताणते, म्हणून मशीन कापड नेईल तसं नेऊ दे, मागून ओढू नका. माझी आत्या बघताना सारखी म्हणायची, ओढूलालीस कशाला गे, मशीनला पाय आहेत की.

एक पताका झाली की दोरा तोडत बसू नका, दोन-चार टाके रिकामे जाऊ द्या आणि लगेच पुढची सरकवा. पंधराच्या पंधरा एकापाठोपाठ शिवून काढा, मशीनमागं मिरच्यांच्या माळेसारख्या लोंबतात, शेवटी एकदम कात्रीनं सुट्ट्या करा. दोरा पण वाचतो.

उलटवायच्या आधी टोकाची माया आडवी कापून टाका, टिपेपासून दोन-तीन दोरे लांब, आणि टोकाच्या दोन्ही बाजूंची माया तिरपी बारीक करा. मग उलटवा. टोक बाहेर काढायला कात्री घालू नका, घालतातच सगळे, आणि भोक पडतंय. विणकामाची बोथट सुई नाहीतर टोपण लावलेला बॉलपेन घ्या. नाहीच निघालं तर सुईत दोरा ओवून बाहेरून टोकाला एक टाका घ्या आणि हळू ओढा, टोक आपोआप बाहेर येतंय. इस्त्री करा, वर दोन्ही बाजूंना मायेचे कान बाहेर आलेले दिसतील ते सरळ कापा. कडेनं वरून अजून एक टीप मारायची हौस असेल तर मारा, मी मारत नाही.

आता पट्टी, आणि इथं मी थोडा वेळ घेणार. हुबळीला बेंगेरीत खादीचे राष्ट्रध्वज बनतात हे माहीत असेल. त्या झेंड्याला दोन वेगळी कापडं असतात, अंगाला खादी बंटिंग आणि काठीच्या बाजूच्या पट्टीला खादी डक, ते जाड असतंय. वाऱ्यात फडफडतंय ते अंग, खरं ओढ सगळी बसते पट्टीवर, म्हणून पट्टी दणकट. आपल्या माळेचं पण तेच. पताका जेवढी हलकी तेवढी छान हलते, आणि पट्टी जेवढी घट्ट विणीची तेवढी माळ कमी लोंबते.

बरेच जण रेडिमेड उरेब पट्टी आणतात कारण ती दुमडलेलीच मिळते. गळ्याला, बाहीला उरेब पाहिजेच, तिथं वळण असतंय. खरं माळेला वळण कुठं आहे, सरळ रेघ आहे, आणि उरेब पट्टीचा गुणच ताणण्याचा, पंधरा पताकांचं वजन पडून ओली झाली की ती फूटभर खाली येते, माझी आली होती. तेव्हा पट्टी उभ्या धाग्यावर सरळ कापा. मांजरपाट, जाड पॉपलीन, चादरीची कड, काहीही चालेल. माझी आवडती पट्टी म्हणजे विरलेल्या इरकलीचा काठ. इरकल अंगात विरली तरी काठ बरीच वर्षं टिकतोय, विणच तेवढी घट्ट असते, आणि गोमी काठ असला तर वरची पट्टीच नक्षीची होते. आईनं आधी काठ कापायला दिला नाही, वाकळीला लागणार आहे म्हणून. शेवटी साडीचं अंग वाकळीला आणि एक काठ मला अशी वाटणी झाली. काठ लाल असेल तर रंगाची परीक्षा त्याची पण घ्या, विसरू नका.

साधी पट्टी करताना २ इंच रुंद कापा, लांबी १२ फूट, म्हणजे पताकांचे १० आणि दोन्ही टोकांना बांधायला एक एक फूट. एवढा लांब तुकडा मिळणार नाही, जोड द्यावा लागतो. जोड सरळ देऊ नका, दोन्ही टोकं काटकोनात एकावर एक ठेवून तिरपी टीप मारा, जादाचं कापा, इस्त्रीनं उघडून दाबा, म्हणजे एकाच जागी जाडी येत नाही. मग पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री, उघडा, दोन्ही कडा मधल्या घडीपर्यंत आणून परत इस्त्री, परत मधोमध दुमडा. अर्धा इंच रुंदीची चार पदरी पट्टी तयार. हे इस्त्रीचं काम कंटाळवाणं आहे, एखादी सिरीयल लावून करा.

पट्टीचा मध्य काढा, खडूनं खूण करा, पंधरातली आठवी पताका त्या खुणेवर. तिच्यापासून दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच सोडत बाकीच्या सात-सात. एका टोकाकडून सुरू केलं की दुसऱ्या टोकाला हमखास चार बोटं कमी पडतात. पताकेचा वरचा अर्धा इंच पट्टीच्या पोटात, अगदी घडीला टेकेपर्यंत गेला पाहिजे. टाचण्यांपेक्षा कपड्यांचे छोटे चाप लावा, एवढ्या जाडीत टाचणी वाकते आणि बोटात जाते ते वेगळंच.

आता सुई बदला, १६ नंबर घाला. पट्टीचे चार पदर आणि पताकेचे दोन, शिवाय पताकेच्या कडेला आतली माया, १४ ची सुई तिथं तुटू शकते. पट्टीच्या उघड्या कडेपासून दोन-तीन दोरे आत अशी एकच सलग टीप, ह्या टोकाच्या बांधायच्या भागापासून त्या टोकापर्यंत, जाडी आली की मोटर सोडा आणि हातानं चाक फिरवून पार करा. दर दोन-तीन पताकांनी थांबून मागची बाजू बघा, मागची कड टिपेतून सुटलेली असते आणि आपल्याला कळतच नाही. टोकं आत दुमडून दोन टिपा मारल्या की माळ झाली.

मशीन नसेल तर हातानं पण होतंय. नुसता धावदोरा पुरत नाही, दोन टाके पुढं एक मागं असं करत जा, आणि पट्टीला दुहेरी दोरा. दोन संध्याकाळी जातील.

घाई असेल, उद्या बारसं आहे, तर झिगझॅग कात्रीनं एक पदरी त्रिकोण कापा, उलटवणं वगैरे काही नको, सरळ पट्टीत घाला. घरातल्या घरात चालतंय, धुतली की मात्र कडा पिसारतात. आणि दारात भर पावसात टांगायची असेल तर मोडक्या छत्र्या फेकू नका. छत्रीचं कापड मुळात त्रिकोणीच शिवलेलं असतंय, आठ काड्यांच्या छत्रीतून आठ मोठे तुकडे निघतात. ते भिजून जड होत नाही, रंग जात नाही, एक पदरी चालतंय. फक्त टाचणी टोचू नका, भोकं तशीच राहतात, आणि इस्त्री अगदी कोमट. खानापूरच्या पावसात एका घरात वर्षाला दोन छत्र्या मोडतातच, गल्लीतल्या रंगीत छत्र्या गोळा केल्या तर आख्ख्या मंडपाला पुरतील.

टांगताना एकच हिशेब. दहा फुटी माळ साडेनऊ फुटांच्या अंतरात बांधली तर वाटतंय अर्धा फूटच ढील आहे, मधे किती येणार, खरं ती मध्यात सव्वा फुटाच्या वर खाली येते, त्याच्याखाली सव्वाआठ इंचाची पताका. म्हणजे खिळ्यापासून मधलं टोक दोन फूट खाली. दारावर लावताना खिळे तेवढे वर नाहीतर माळ जवळजवळ ताठ. लाईटच्या खांबाला किंवा वायरीला बांधू नका.

काढल्यावर धुवून खडखडीत वाळवा, दमट घडी घातली की आपल्या हवेत काळे ठिपके आलेच समजा. पिशवीत कोंबू नका, पुढच्या वर्षी गुंता सोडवत बसाल. साडीच्या बॉक्सचा उरलेला पुठ्ठा असतोय ना, त्याच्यावर पट्टी गुंडाळत जायची, पताका सगळ्या एका बाजूला, आणि पुठ्ठ्यावर लिहून ठेवायचं, १० फूट, पुढचं दार. आमच्याकडं असे चार पुठ्ठे झालेत, आता ते ब्लाऊजपीसच्याच पिशवीत राहतात, जागा झाली ना तिथं.